रिकामा दिसणारा रस्ता

पॅरिस शहरातील एक रुंद रस्ता एका फार जुन्या छायाचित्रात दिसतो. वेळ सकाळची आहे. रस्त्याच्या कडेने झाडांच्या रांगा गेल्या आहेत आणि झाडांमागे उंच घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. छपरांवरील धुराडी एकेक करून मोजता यावीत आणि खिडक्यांच्या चौकटी बोटाने दाखवता याव्यात, इतके सारे स्पष्ट आहे. मात्र एवढ्या प्रशस्त रस्त्यावर एकही गाडी नाही, एकही घोडा नाही, भाजीची पाटी घेऊन निघालेली बाई नाही की शाळेला चाललेले पोर नाही. जणू सारे नगर रातोरात उठून दुसरीकडे निघून गेले असावे!

चित्र बारकाईने न्याहाळले, की खालच्या भागात, डाव्या हाताला, पदपथ जेथे वळतो तेथे एक लहानशी काळी आकृती आढळते. तो एक मनुष्य आहे. त्याने आपला एक पाय उचलून कशावर तरी टेकवला आहे, आणि त्याच्या पायाशी दुसरी एक अंधूक आकृती वाकलेली आहे. सगळे शहर नाहीसे झाले, आणि हा एकटाच मागे का राहिला, असा प्रश्न चित्र पाहणाऱ्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

या प्रश्नाचे उत्तर मोठे मौजेचे आहे. शहर नाहीसे झाले नव्हते. त्या सकाळीही रस्ता वाहताच होता. बुलव्हार द्यु तांप्ल हे त्या रस्त्याचे नाव. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो पॅरिसमधील अतिशय गजबजलेल्या रस्त्यांपैकी एक होता. तेथे नाटकगृहांची रांगच होती. त्या नाटकगृहांतून चोरी, दरोडे आणि खून यांनी भरलेली नाटके इतकी होत, की लोकांनी थट्टेने त्या रस्त्याला ‘गुन्ह्यांचा रस्ता’ असेच नाव ठेवले होते. अशा रस्त्यावर दिवसाउजेडी कोणी नसावे, हे अशक्यच. माणसे होती, गाड्या होत्या, घोडे होते. मग चित्राला ते दिसले कसे नाहीत?

हे चित्र १८३८ च्या सुमारास लुई दागेर या फ्रेंच गृहस्थाने आपल्या घराच्या खिडकीतून घेतले. दागेर हा मूळचा रंगभूमीचे पडदे रंगविणारा चित्रकार. १८२२ साली त्याने पॅरिसमध्ये ‘डायोरामा’ नावाचे एक प्रदर्शनगृह उघडले होते. तेथे प्रचंड पडद्यांवर रंगविलेली दृश्ये प्रकाश कमीजास्त करून अशा कौशल्याने दाखविली जात, की पाहता पाहता दिवस मावळल्याचा भास व्हावा. प्रकाशाशी खेळणाऱ्या या माणसाला एकच ध्यास लागला होता: भिंगातून पेटीच्या आत पडणारे दृश्य हाताने न रेखाटता आपोआप टिकून राहिले पाहिजे.

या वाटेवर त्याच्या आधी एक फ्रेंच संशोधक चालू लागला होता. त्याचे नाव निसेफोर न्येप्स. न्येप्सने १८२७ च्या सुमारास आपल्या गावच्या घराच्या खिडकीतून एक दृश्य कथिलाच्या पत्र्यावर टिपले. ते टिपण्यास कित्येक तास लागले. काही अभ्यासकांच्या मते तर काही दिवस लागले असावेत. त्या चित्रात एक नवल आहे. अंगणाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन पडलेले दिसते. सकाळी एका भिंतीवर आणि दुपारनंतर समोरच्या भिंतीवर पडणारे ऊन एकाच चित्रात एकत्र आले. पेटी उघडी असेपर्यंत सूर्य आकाशातून फिरत राहिला आणि त्या चित्राने सगळा दिवस एका दृश्यात साठवला. दागेरने १८२९ साली न्येप्सशी भागीदारी केली. १८३३ साली न्येप्स वारला. परंतु दागेरने प्रयोग सोडले नाहीत.

दागेरची अखेरची रीत अशी होती. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा द्यायचा आणि तो घासून घासून आरशासारखा लख्ख करायचा. मग त्याला अंधारात आयोडीनची वाफ द्यायची, म्हणजे त्यावर प्रकाशाने पालटणारा एक पातळ थर तयार होतो. तो पत्रा पेटीत बसवून भिंगावरचे झाकण काढायचे, पुरेसा वेळ प्रकाश आत येऊ द्यायचा आणि झाकण पुन्हा लावायचे. नंतर पाऱ्याची वाफ दिली, की जेथे प्रकाश पडला असेल तेथे चित्र उमटू लागते. शेवटी मिठाच्या किंवा तशाच दुसऱ्या क्षाराच्या पाण्याने पत्रा धुऊन चित्र पक्के करायचे. असे चित्र आरशातल्या प्रतिबिंबाप्रमाणे डावीउजवी बाजू उलटलेले असे. वहीच्या पानाहून लहान अशा त्या पत्र्यावर अख्खा रस्ता मावत असे.

ही रीत न्येप्सच्या रीतीपेक्षा पुष्कळच जलद होती. तथापि झाकण काही मिनिटे तरी उघडे ठेवावेच लागे. रस्ता रिकामा दिसण्याचे सारे रहस्य या काही मिनिटांत आहे.

पावसाळ्यात कौलारू घराच्या अंगणात पाहिले, तर ही गोष्ट सहज उमगते. पाऊस सगळ्या अंगणावर पडतो. पण वळचणीखाली, जेथे पागोळ्या तासन्तास एकाच ठिकाणी गळत राहतात, तेथेच मातीत खळ्यांची रांग उमटते. वाऱ्याबरोबर इकडेतिकडे उडालेला थेंबही मातीवर पडलेलाच असतो. पण तो एकदाच पडतो आणि पुन्हा त्या जागी येत नाही. त्याची खूण राहते ती इतकी हलकी, की डोळ्यांना दिसत नाही.

दागेरच्या पत्र्यावर प्रकाशाचेही असेच झाले. घराची भिंत, झाडाचा बुंधा, रस्त्याची फरसबंदी ही सर्व जागची हलली नाहीत. त्यांच्याकडून आलेला प्रकाश मिनिटामागून मिनिट पत्र्याच्या ठरावीक जागीच पडत राहिला आणि त्यांची चित्रे ठसठशीत उठली. धावती घोडागाडी मात्र कोणत्याही एका जागेसमोर क्षणभर, फार तर एखाद-दोन सेकंद आली. तेवढ्यापुरता रस्ता झाकला गेला; गाडी पुढे सरकताच पुन्हा मोकळ्या रस्त्याचा प्रकाश तेथे पडू लागला. गाडीचा प्रकाश पत्र्यावर पडलाच नाही असे नव्हे. मिनिटांच्या राशीत सेकंदाचा कण मिसळून गेला, इतकेच. त्या सकाळी तेथून गेलेल्या प्रत्येक माणसाचा अंश त्या चित्रात आहे, पण तो ओळखू येण्याइतका जड नाही.

कोपऱ्यावरचा गृहस्थ तेवढा वाचला, कारण तो थांबला होता. तो आपल्या बुटांना पॉलिश करून घेत होता. घरातून निघालेल्या या माणसाला वाटेत बूट मळल्याचे आठवले असेल, किंवा कोणाला भेटायला जाताना नीटनेटके दिसावे असे वाटले असेल. काही असो, त्याने पाय टेकवला आणि काही मिनिटे तो जवळजवळ स्तब्ध उभा राहिला. वरच्या खिडकीत एक पेटी उघडी आहे आणि तिचे भिंग रस्त्याकडे रोखलेले आहे, हे त्याला बहुधा ठाऊकही नसेल. छायाचित्रात ओळखू येणारी मनुष्याची सर्वांत जुनी आकृती म्हणून आज जगभर ज्याचा उल्लेख होतो, तो हाच अनोळखी पादचारी. त्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही.

त्याच्या पायाशी वाकलेल्या दुसऱ्या माणसाचे काय? त्याचेही नाव इतिहासाला ठाऊक नाही, आणि त्याची आकृती तर त्याहून अंधूक आहे. याचे कारण उघड आहे. बूट घासायचे म्हणजे हात सारखे चालले पाहिजेत, खांदे हलले पाहिजेत, डबीतून पॉलिश घेण्यासाठी वळले पाहिजे. ज्याच्यामुळे तो गृहस्थ त्या जागी थांबला, आणि म्हणून चित्रात आला, तो माणूस आपल्या कामातच पुसट झाला. या चित्राकडे पाहताना बहुतेकांचे लक्ष उभ्या माणसाकडे जाते; वाकलेल्याकडे फार थोड्यांचे जाते. पण त्याचे हात चालले नसते, तर तो रस्ता संपूर्ण रिकामाच दिसला असता.

ही गोष्ट हेरून लिहून ठेवणारा एक पाहुणाही मोठा नामांकित होता. १८३९ च्या मार्च महिन्यात अमेरिकेचा सॅम्युएल मोर्स पॅरिसमध्ये होता. विजेच्या तारेने संदेश पाठविण्याच्या कामी मोर्सचे नाव पुढे सर्वतोमुखी झाले. पण तो मुळात चित्रकार होता. दागेरची चित्रे पाहण्यासाठी तो मुद्दाम त्याच्याकडे गेला आणि जे पाहिले ते त्याने आपल्या भावाला पत्राने कळविले. एरवी माणसांनी आणि गाड्यांनी भरून वाहणारा रस्ता चित्रात निर्जन दिसतो. फक्त बूट पुसून घेणारा एक गृहस्थ तेवढा आहे. त्याचे बूट आणि पाय ठळक उमटले आहेत. धड आणि डोके मात्र हलत असल्यामुळे नीट उमटले नाहीत, असे त्याने लिहिले. ते पत्र अमेरिकेतील एका वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. चित्रकाराची नजर काय असते, ते यावरून दिसते. जे दिसत होते तेवढ्यावर मोर्स थांबला नाही. जे दिसत नव्हते त्याचे कारण त्याने शोधले.

मोर्सच्या या भेटीच्या दुसऱ्याच दिवशी, ८ मार्च १८३९ रोजी, दागेर त्याच्या भेटीस आला असताना इकडे डायोरामाला आग लागली आणि ते प्रदर्शनगृह जळून गेले. वर्षानुवर्षांचे रंगविलेले देखावे काही तासांत राख झाले. परंतु दागेरचा शोध वाचला. त्याच वर्षी १९ ऑगस्टला त्याची रीत पॅरिसमधील विज्ञान अकादमीत सर्वांसाठी जाहीर करण्यात आली आणि फ्रान्सच्या सरकारने दागेरला व न्येप्सच्या मुलाला निवृत्तिवेतन दिले.

यानंतर छायाचित्रकारांपुढे मोठी अडचण उभी राहिली ती हीच, की जिवंत माणूस स्थिर बसत नाही. चित्र काढवून घेणाऱ्याच्या डोक्याला मागून लोखंडी टेकू लावीत आणि श्वास रोखल्यासारखे बसवीत. तरीही खोड्या व्हायच्या त्या होतच. त्या काळच्या चित्रांत कुठे बिनडोक्याचा घोडा उभा दिसतो, कारण बिचाऱ्याने मध्येच मान हलविलेली असते. कुठे कुटुंबाच्या चित्रात सगळी वडील मंडळी ठळक असतात आणि पुढे बसलेले चुळबुळ्या स्वभावाचे मूल तेवढे धुक्यासारखे दिसते. पुढे अधिक प्रकाश घेणारी भिंगे आली, लवकर पालटणारी द्रव्ये सापडली आणि मिनिटांची जागा सेकंदांनी घेतली. १८७८ साली अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज याने ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांच्या साहाय्याने धावत्या घोड्याची चित्रे टिपली. घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात, हे लोकांनी त्या चित्रांत प्रत्यक्ष पाहिले. ज्या घोड्याला दागेरच्या रस्त्यावर अस्तित्वच उरले नव्हते, तो घोडा आता अधांतरी थिजून राहिला.

येथे ही कथा संपायला हवी होती. पण मनुष्याची गंमत अशी, की दोष जिंकल्यावर त्यातले सौंदर्य त्याच्या ध्यानात येते. क्षणाला पकडण्याचे सामर्थ्य हाती आल्यावर काही छायाचित्रकार मुद्दाम मिनिटांकडे परतले. वाहते पाणी, धावते ढग, चालती माणसे यांची चित्रे भर दिवसा दीर्घ काळ प्रकाश घेऊन टिपावीत, असे त्यांना वाटू लागले. मात्र आता अडचण उलटी झाली. दागेरला प्रकाश पुरत नव्हता. यांना तो अतिच झाला. आजच्या कॅमेऱ्यात भिंगाचे छिद्र अगदी लहान केले, तरी रणरणत्या उन्हात एका सेकंदाचा शंभरावा भाग पुरेसा होतो. त्याहून जास्त वेळ झडप उघडी ठेवली, तर चित्र कोऱ्या कागदासारखे पांढरे पडते.

यावर उपाय म्हणून भिंगापुढे काळी काच लावतात. रंग न बदलता केवळ प्रकाश रोखणे, एवढेच तिचे काम. अशी एक काच प्रकाशाचा सुमारे हजारावा हिस्साच आत सोडते. तेव्हा सेकंदाच्या शंभराव्या भागाऐवजी त्याच्या हजारपट, म्हणजे दहा सेकंद झडप उघडी ठेवता येते. तिच्यापुढे चौसष्टावा हिस्सा सोडणारी आणखी एक काच जोडली, की दहा सेकंदांचे सहाशे चाळीस सेकंद, म्हणजे साडेदहा मिनिटांहून थोडे अधिक होतात. इतका वेळ कॅमेरा तसूभरही हलून चालत नाही. म्हणून तो तिपाईवर घट्ट बसवितात आणि दृश्याची मांडणी काच लावण्यापूर्वीच ठरवून ठेवतात. ही काच कितीही काळी दिसली, तरी तिच्यातून सूर्याकडे कधीही पाहू नये. त्याने डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते.

अशा चित्रांत ओळखीच्या वस्तूंना अनोळखी रूप येते. धबधब्याचे तुषार एकमेकांत मिसळून पिंजलेल्या कापसासारखे दिसतात. खडकांवर आपटणाऱ्या लाटा धुक्याप्रमाणे पसरतात आणि खडक मात्र अधिकच काळे, अधिकच निश्चल भासतात. ढगांचे पट्टे आकाशभर ओढले जातात आणि वाऱ्याची दिशा डोळ्यांना दिसू लागते. झाडाचा बुंधा स्थिर राहतो, पण पाने हिरवा धूर होतात. इमारतीचे चित्र घेणारे लोक याच युक्तीने तिच्यासमोरची वर्दळ नाहीशी करतात. चालणारे सारे विरून जातात आणि बाकावर बसून वर्तमानपत्र वाचणारा तेवढा उरतो.

याच रीतीने माणसांचे दुःखही सांगता येते, हे अलेक्सेई तितारेंको या रशियन छायाचित्रकाराने दाखविले. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला. त्यानंतरच्या दिवसांत सेंट पीटर्सबर्ग शहरातील लोकांचे हाल सुरू झाले. दुकानांत माल नव्हता, पगाराला किंमत नव्हती. तितारेंकोने भुयारी रेल्वेच्या स्थानकात शिरणाऱ्या गर्दीची चित्रे झडप बराच वेळ उघडी ठेवून घेतली. त्यांतील एका प्रसिद्ध चित्रात पायऱ्यांवरचे सगळे लोक काळ्या धुरासारखे एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणाचाही चेहरा दिसत नाही. ठळक दिसतात ते कठड्याला धरलेले हात. गर्दी हळूहळू सरकत होती, आणि आधारासाठी कठड्यावर ठेवलेला हात क्षणभर तेथेच राहत होता. चेहरे गेले आणि आधार शोधणारे हात उरले. त्या काळी त्या शहरावर काय गुजरले, हे सांगायला पुष्कळ पाने लागली असती. त्या हातांनी ते एका दृष्टिक्षेपात सांगितले.

छायाचित्र खोटे बोलत नाही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. दागेरचे चित्रही खोटे बोलले नाही. जो प्रकाश त्याच्यापर्यंत आला तो त्याने इमानाने साठविला. तरीसुद्धा त्यावर विसंबून कोणी म्हणेल की त्या सकाळी त्या रस्त्यावर दोनच माणसे होती, तर ते साफ चुकीचे ठरेल. जुन्या नोंदी, जुनी चित्रे, जुन्या बखरी यांचीही हीच गत आहे. त्यांत जे दिसते ते खरे असू शकते. पण जे दिसत नाही ते नव्हतेच, असे मानता येत नाही. दीर्घकाळ एका जागी राहिले ते वाडे आणि ते बुरूज नोंदींत ठळक उमटतात. दगड वाहून नेणारे पाय मात्र चालतेच होते, म्हणून ते सहजासहजी दिसत नाहीत. ते पाहायचे, तर मोर्सप्रमाणे थोडे थांबून कारण शोधावे लागते.

बुलव्हार द्यु तांप्लवरची ती नाटकगृहे पॅरिस शहराच्या पुनर्रचनेत १८६२ साली बहुतेक पाडली गेली. तो गृहस्थ, त्याचे चकाकते बूट आणि ते चकाकविणारे हात काळाच्या ओघात केव्हाच मिसळून गेले. दागेरने तो पत्रा बव्हेरियाच्या राजाला भेट म्हणून पाठविला होता. पुढे विसाव्या शतकात मूळ पत्र्यावरील चित्र फार बिघडले. सुदैवाने त्यापूर्वीच त्याची छायाचित्रे घेतली गेली होती, आणि आज जग ते दृश्य त्यांच्या आधारे पाहते.

दागेरने सकाळी उठून एक पत्रा लख्ख घासला होता, आणि खाली कोपऱ्यावर आणखी एक माणूस तसाच मन लावून एक बूट घासत होता. दोघांनाही एकमेकांची वार्ता नव्हती. काम संपल्यावर गृहस्थाने पाय खाली घेतला असेल, पैसे दिले असतील आणि तो चालू लागला असेल. चालू लागताच तोही त्या रिकाम्या दिसणाऱ्या रस्त्यावरच्या असंख्य माणसांसारखाच झाला: चित्रात असलेला, पण न दिसणारा.